बीटीच्या रुईची गादी

गादीवाल्याच्या घरात वाढलेली बाई परक्या गादीवर एकदम बसत नाही. आधी हातानं दाबून बघते. माझं आजही तसंच आहे. कोणाकडे पाहुणी गेले की आमचे हे डोळे वटारतात, पण तोवर माझा हात गेलेला असतो. आत नवी रुई आहे की जुनीच पिंजून भरलीय, कोपरे नीट भरलेत की नुसते दडपून शिवलेत, हे बोटांना बरोबर कळतं. उमरखेडला आमच्या दुकानात गिऱ्हाईक आपली रुई घेऊन आलं की दिवसभर तिथंच ठाण मांडून बसायचं. सोबत डबा आणायचं. आपल्या डोळ्यांसमोर पिंजून, डोळ्यांसमोर भरून आणि डोळ्यांसमोर टाके मारून घ्यायचं, कारण खोळ एकदा शिवली की आत काय आहे ते देवालाच ठाऊक. अब्बांना त्याचा राग यायचा नाही. उलट ते म्हणायचे की जो बसत नाही तो येडा. आणि स्वतः अब्बा काय कमी होते? गिऱ्हाइकाच्या रुईची मूठ गालाला लावून बघायचे, वजन वाढवायला पाणी तर मारलं नाही ना म्हणून. असा दोन्हीकडून संशयाचा धंदा. त्यात वाढलेली पोरगी संशयी निघाली तर नवल कसलं?

पुढं दुकान आणि मागं घर, मधे फक्त एक पडदा. पिंजायचं मशीन सुरू झालं की घरात कोणी कोणाशी हळू बोलूच शकत नसे, म्हणून आम्ही सगळेच घसा फोडून बोलायचो आणि शाळेत बाई मला सारख्या म्हणायच्या, अगं, मी काय बहिरी आहे का? रुईचे तंतू सगळीकडे. भुवयांवर, देवळीतल्या आरशावर, दूध तापवायच्या पातेल्यात. अम्मी भांड्यांवर ओलं फडकं टाकून ठेवायची, तरी ज्या दिवशी वरणात तंतू निघाला नाही त्या दिवशी मशीन बंद होतं असं समजायचं. जेवण साधंच, ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, तव्यावर रगडलेला मिरचीचा ठेचा, आणि जुम्म्याला मटण घातलेल्या डाळीचा दालचा. दालच्याचा वास आला की मशीनवरून सलीमभाई ओरडून विचारायचा, झालं का? अम्मी खेड्यातली, तिची वऱ्हाडी अस्सल. अब्बा हिंदीत सुरुवात करायचे आणि वऱ्हाडीत संपवायचे. घरातली बोली म्हणजे अशी खिचडी होती आणि ती आम्हाला आवडायची.

सलीमभाई माझा एकुलता एक भाऊ. त्याचं लग्न ठरलं फुलसावंगीच्या रुखसानाशी, आणि मुलगी अम्मीनंच पसंत केली. भाभी बुटकी, सावळी, बोलायला कमी आणि हाताला अशी साफ की दाभण धरलं की टाका दिसू नये. अब्बा पहिल्याच महिन्यात म्हणाले, ही पोरगी कारागीर आहे. त्या दोघांच्या लग्नाची गादी अब्बांनी स्वतः भरली होती. त्या वर्षी आमच्याकडं नव्या बियाण्याचा कापूस नुकताच यायला लागला होता. सगळे त्याला बीटी म्हणायचे. रुई लांब धाग्याची, पांढरीशुभ्र. अब्बांनी सरकी काढायच्या जिनिंगवर उभं राहून निवडून आणली आणि मोहल्ल्याला दाखवली.

आमच्या घराण्यात लग्नाच्या गादीची एक रीत होती. पहिला टाका लेकुरवाळीनं घालायचा. आणि एकदा शिवली की पहिलं लेकरू होईस्तोवर ती उसवायची नाही, पिंजायची नाही, मग तिच्यात कितीही गाठी होवोत. लेकरू झालं की गादी उघडायची आणि तिच्यातल्याच मूठभर रुईची बाळाची दुलई भरायची. गिऱ्हाइकांनाही अब्बा हे सांगायचे आणि तेही पाळायचे. दरवर्षी उन्हाळ्यात आमच्या घरातल्या सगळ्या गाद्या उसवून पिंजल्या जायच्या, फक्त भाई-भाभीच्या खोलीतली तेवढी सोडून. ती तशीच राहिली, एक उन्हाळा, मग दुसरा, मग तिसरा.

आता अम्मीचं सांगते. ती वाईट बाई नव्हती, हे मी आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही तिला शिव्या द्याल. पण तिचा डोळा फार वाईट. भाभीनं पाळी संपून डोकं धुतलं की अम्मीचा चेहरा उतरायचा. भाभीला उलटी झाली की चेहरा फुलायचा, आणि ती शिळ्या भातानं झाली हे कळल्यावर पुन्हा उतरायचा. भाभी नळावर गेली की अम्मी तिची पेटी उघडून बघायची, फळीवर बघायची, उशीच्या खोळीत हात घालायची. काय शोधत होतीस असं मी एकदा विचारलं तर म्हणाली, गंडा-ताईत काही असन कोणाचा. दुकानात लग्नाच्या गादीचं काम आलं की गिऱ्हाईक बाई भाभीच्या पोटाकडं एकदा बघायची आणि अब्बांना बाजूला घेऊन सांगायची की चाचा, हिचा हात नका लावू हो आमच्या गादीले. अब्बा मान हलवायचे आणि भाभी उठून आत जायची. ती आत जाऊन कांदे चिरायची. आमच्या घरात त्या काळात कांदे फार चिरले गेले.

ती वर्षंच तशी होती. कापसाला भाव नव्हता, लग्नं पुढं ढकलली जायची, लोक नवी गादी भरण्याऐवजी जुनीच पिंजून न्यायचे. वाईट दिवसांत माणसाला कोणाचं तरी नाव घ्यावं लागतं. लोकांनी नव्या बियाण्याचं नाव घेतलं. त्याचा पाला खाऊन शेळ्या मेल्या असं कोणी म्हणायचं. त्याच्या रानात गेलं की अंगाला खाज सुटते असं कोणी म्हणायचं. ही अफवा कुठून निघाली ते मला अजून कळलेलं नाही, पण आमच्या दुकानात ती आणली एका खेड्यातल्या म्हातारीनं. नातवाच्या लग्नाची गादी भरायला आलेली. अब्बांनी पांढरीशुभ्र रुई दाखवली तशी ती चार पावलं मागं सरली. म्हणाली, "ज्या बियाचं बी दुसऱ्या साली उगवत नाई, त्याच्या रुईवर नवरानवरी निजवू काय बापा? वांझ बी ते. देशी कापसाची रुई असन त दे."

अब्बा हसले. पण पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गावच्या माणसानं तेच विचारलं, मग तिसऱ्या. देशी रुई शोधत सलीमभाईला पार हदगावपर्यंत हिंडावं लागलं. आज मी बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते आणि ही गोष्ट वर्गात सांगते तेव्हा पोरं खो खो हसतात. मी म्हणते, हसा, पण आधी मला उत्तर द्या. मग कोणीतरी सांगतं की रुई म्हणजे सरकीवरचे केस, त्यांचा माणसाच्या बीजाशी काय संबंध? आणि ते बी संकरित, दुसऱ्या वर्षी उगवतंही, फक्त सारखं पीक देत नाही. अगदी बरोबर. पण तेव्हा आमच्या दुकानात उत्तर द्यायला कोण होतं? मी होते सतरा वर्षांची आणि आमच्या सरांनी प्रजनन आरोग्याचा अख्खा धडा, हे घरी वाचून घ्या, असं फळ्याकडं तोंड करून सांगून संपवला होता.

अम्मीनं मात्र ती अफवा हातात धरूनच ठेवली. तिला एकदम सगळा उलगडा झाला. सुनेत दोष नाही, मुलात तर नाहीच नाही, दोष गादीत. बीटीच्या रुईवर झोपवलं म्हणून लेकरू नाही. मला तर बरंच वाटलं. भाभीपेक्षा गादीवर संशय गेलेला काय वाईट? अब्बा म्हणाले, अगं, लेकरू झाल्याशिवाय उसवायची नाही ना. अम्मी म्हणाली, ती रीत चांगल्या रुईसाठी आहे, असल्या रुईसाठी नाही. ही रुई काढून देशी भरू, मग बघा. अब्बांनी तिच्याशी वाद घालणं कधीच सोडून दिलं होतं.

सगळं इथं मिटलं असतं. पण भाभी, जिनं त्या घरात कधी कशाला नाही म्हटलं नव्हतं, ती नाही म्हणाली. आपण खोळ बदलू, मीच बदलते, पण गादी उघडू नका, म्हणाली. का, तर अपशकुन होतो. अम्मीनं तिच्याकडं बघितलं आणि मीही बघितलं. जी रीत पाळायची ती अम्मी म्हणते मोडू, आणि मोडण्यात जिचा फायदा ती म्हणते नको? माझ्या मनात लगेच पाल चुकचुकली. अम्मीच्या तर चुकचुकलीच. दुसऱ्या दिवशी भाभी कपडे घेऊन नळावर गेली तशी अम्मीनं मला हाक मारली, आम्ही दोघींनी गादी ओढत अंगणात आणली आणि अम्मीनं ब्लेडनं शिवण कापली.

एका कोपऱ्यातली शिवण तिनं बोटानं दाबून बघितली आणि थांबली. म्हणाली, ही आपली शिवण नाई. दोरा तोच, टाकाही तसाच, पण हात दुसरा. अम्मीच ती ओळखू शकली, दुसऱ्या कोणाच्या बापाला कळलं नसतं. तिनं कोपरा उसवला, रुईत हात घातला आणि कापडाची एक पुरचुंडी बाहेर काढली. गंडा निघाला असता तर बरं झालं असतं. आत गोळ्यांची पाकिटं होती. पांढऱ्या गोळ्या आणि शेवटची ओळ तपकिरी. काही फोडलेली, काही तशीच. मी वाचायच्या आधी अम्मीनंच ओळखलं, कारण सरकारी दवाखान्यातली सिस्टर मोहल्ल्यात येऊन हीच पाकिटं बायकांना वाटायची. पाळणा लांबवायच्या गोळ्या. अम्मीनं पाकिटं मांडीवर पसरली. म्हणाली, "मी पिरासमोर पदर पसरून राह्यली आन् हे गोळ्या खाऊन राह्यली."

भाभी ओले कपडे घेऊन दारात आली तेव्हा अंगणभर रुई आणि अम्मीच्या मांडीवर ती पाकिटं. मला वाटलं ती रडेल, पाया पडेल, काहीतरी खोटं सांगेल. तिनं कपड्यांची बादली खाली ठेवली, एकदा पडद्याकडं बघितलं ज्याच्यामागं मशीन चालू होतं, आणि भिंतीला टेकून उभी राहिली. अम्मीनं तिला जे जे विचारलं त्यातल्या एकाच गोष्टीचं उत्तर तिनं दिलं. खाल्ल्या का? खाल्ल्या. कायले? गप्प. कोणी देल्या? गप्प. त्याच संध्याकाळी अम्मीनं फुलसावंगीला निरोप पाठवला की रविवारी येऊन बहिणीला घेऊन जा, आणि कायमची घेऊन जा. सलीमचं दुसरं लग्न करायचं हेही ती बोलून मोकळी झाली. अब्बा म्हणाले, घाई करू नको.

मी मात्र भाईकडं बघत होते. अम्मीनं त्याला पाकिटं दाखवली तेव्हा तो जेवत होता. त्यानं त्यांच्याकडं बघितलं आणि भाकरीचा पुढचा घास मोडला. आमचा सलीमभाई मीठ कमी पडलं तरी ताट सरकवणारा. त्याची बायको चोरून असल्या गोळ्या खाते हे कळूनही त्याचा आवाज चढला नाही? त्याला राग यायला हवा होता आणि आला नव्हता. भाभीचं गप्प बसणं मला कळत होतं, तिची बाजू पडती होती. पण हा कायले गप्प? मी संशयी आहे म्हणून सांगितलं ना. दोन दिवस मी त्याच्यावरच नजर ठेवून होते आणि तो माझी नजर चुकवत होता.

ज्या धड्याला सरांनी पाठ दाखवली होती तो मी गच्चीवर बसून भरदुपारी वाचला, मधे शेजारीण आली की वर भौतिकशास्त्राचं पुस्तक ठेवायचं. त्या गोळ्या काय करतात ते त्यात होतं. बीजकोशातून बीज बाहेर पडू देत नाहीत, म्हणून गर्भ राहत नाही. इथवर अम्मीचंच खरं. पण पुढं वंध्यत्वाचा भाग होता, आणि त्यात सरळ लिहिलं होतं की मूल न होण्याचं कारण बाईत असू शकतं तसंच पुरुषातही असू शकतं, आणि आपल्याकडं बोल मात्र बाईलाच लावतात. ते वाक्य मी परत परत वाचलं. मला खरंच धक्का बसला. तोवर माझ्या डोक्यात असं कधी आलंच नव्हतं की पुरुषाची पण तपासणी असते. मी पुस्तक मिटलं आणि खाली गेले.

भाभी एकटीच गहू निवडत होती. मी तिच्याजवळ बसले आणि सरळ विचारलं, भाईची तपासणी झाली का? तिनं सूप मांडीवर ठेवलं. मग ती बोलली, सुपाकडं बघत. मशीनचे पार्ट आणायला म्हणून भाई नांदेडला जायचा आणि मावशीला भेटायला म्हणून ती सोबत जायची, तेव्हा ते दोघं एका डॉक्टरीणबाईकडं जात होते. बाईंनी पहिल्याच दिवशी नवऱ्याची तपासणी सांगितली, सोपी असते म्हणाल्या. भाई तयार होईना. भाभीची पाळी कधी दोन-दोन महिने यायची नाही, म्हणून तोवर ती नीट व्हावी यासाठी बाईंनी तिला काही महिने त्या गोळ्या दिल्या. हो, त्याच गोळ्या. पाळणा लांबवायला देतात त्याच पाळी रुळावर आणायलाही देतात, हे आज माझ्या वर्गातल्या प्रत्येक मुलीला माहीत आहे. शेवटी भाई तयार झाला. एकदा तपासलं, मग खात्रीसाठी पुन्हा तपासलं. त्याच्यात बीजच नव्हतं.

"मंग गोळ्या बंद केल्या. फेकू कुठं? पेटीत ठेवलं त अम्मीले सापडन, उकिरड्यावर टाकलं त मोहल्ल्याले. म्हटलं, हे गादी त आता कधी उघडणारच नाई," भाभी म्हणाली. ती हसली का रडली ते मला कळलं नाही.

मी म्हटलं, सांगून टाक ना मग. ती म्हणाली की त्यांनी कुराणाची शपथ घातलीय, कोणाला सांगायचं नाही. मी फुलसावंगीला जाईन, पण सांगणार नाही. मला तिचा इतका राग आला की मी गव्हाचा ढीग विस्कटला. पण खरा राग तिचा नव्हताच. ज्यानं शपथ घातली तो पडद्यापलीकडं मशीन चालवत होता.

अब्बा नमाजला गेले की दुकानात भाई एकटाच असायचा. मी पडदा सारून गेले आणि बटन दाबून मशीन बंद केलं. तो रुईनं पांढरा झालेला, डोळे तेवढे दिसत होते. म्हटलं, भाभीले पाठवून राह्यले, तुले मालूम हाय ना ती काहून गप्प हाय? तो म्हणाला, चालू कर मशीन. मी म्हटलं, तू बोलला नाहीस तर मी बोलते, आत्ताच्या आत्ता. त्यावर तो जे म्हणाला ते मला अजून बोचतं, कारण ते खरं होतं. म्हणाला, "बोल. कोण मानते तुह्यं? पोट्टी हाय तू. आन् तू बोलली त उद्या मी चौकात उभा कसा राहू ते सांग." मी म्हटलं, आणि ती फुलसावंगीच्या चौकात कशी उभी राहील? त्यानंच बटन दाबलं आणि मशीन परत सुरू झालं.

रविवारी भाभीचा मोठा भाऊ सकाळच्या एसटीनं आला. भला माणूस, त्याला नीट काही सांगितलेलंही नव्हतं. अम्मीनं त्याला पाणी दिलं, आणि मग रुमालात गुंडाळलेली पाकिटं त्याच्यासमोर ठेवून सगळं सांगितलं. तो ऐकताना खाली खालीच बघत गेला. शेवटी बहिणीला म्हणाला, चाल. भाभीची बॅग तयार होती. तिनं अब्बांना सलाम केला, अब्बांना मान वर करता येईना. पडद्यापलीकडं मशीन धडधडत होतं आणि मला वाटत होतं की आता हिच्यामागं मीच ओरडणार, कोणी मानो न मानो. मी तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात मशीन थांबलं.

भाई आत आला. डोक्यापासून पायापर्यंत रुई. तो अम्मीकडं बघत नव्हता, मेव्हण्याकडं बघत नव्हता, बॅगेकडं बघत होता. म्हणाला, "रुखसाना कुठं नाई जात. दोष माह्यात हाय. दोन वेळा तपासलं. माह्यापासून लेकरू होत नाई. गोळ्या डॉक्टरनं देल्या होत्या, मले मालूम होतं."

इतकं बोलून तो तिथंच उकिडवा बसला आणि लहान पोरासारखा रडला. भाभीनं तोंडाला ओढणी लावली. मेव्हण्यानं बॅग खाली ठेवली, त्याच्याजवळ बसला आणि त्याच्या खांद्यावरची रुई झटकत राहिला. आणि अम्मी? मला वाटत होतं की तिला चक्कर येईल, ती भाभीला जवळ घेईल. ती हसली. म्हणाली, "पढवलं वाटते तिनं तुले. मर्दानं आपल्या तोंडानं असं बोलावं, म्हणजे काय नाई पाजलं असन हिनं!" भाईनं कुराणावर हात ठेवून सांगतो म्हटलं. अम्मीनं त्याला हात ठेवू दिला नाही. मग अब्बा उठले, बॅग स्वतः उचलली आणि भाभीच्या खोलीत नेऊन ठेवली. अम्मीला म्हणाले, आता याच्यापुढं एक शब्द नाही. त्या घरात अब्बांनी अम्मीला गप्प केलेलं मी तेवढं एकदाच बघितलं.

भाभी राहिली. गोष्ट मोहल्ल्यात पसरायला वेळ लागला नाही. भाई बरेच दिवस चहाच्या टपरीवर गेला नाही, मग जायला लागला. कोणी टोमणा मारला तर ऐकून घ्यायचा. पुढच्या लग्नाच्या गादीला अब्बांनी दाभण भाभीच्याच हातात दिलं आणि गिऱ्हाईक बाई कुरकुरली तशी म्हणाले, मग घेऊन जा आपली रुई. ती बसून राहिली, गादी घेऊन गेली. त्या दोघांना मूल झालं नाही. पुढं नागपूरला एकदा उपचार करून बघितला, तोही फळला नाही, मग त्यांनी तो नाद सोडला. माझी मुलगी शिकायला त्यांच्याकडं राहिली, ती आजही भाभीलाच आधी फोन करते आणि मला नंतर. मला थोडं जळायला होतं, खोटं कशाला बोलू?

पण अम्मीनं मानलं नाही. भाभीवर ओरडणं तिनं सोडलं, तिला कामं सांगायची, तिच्या हातचं खायची, पण भाई बायकोसाठी खोटं बोलला हे तिच्या मनातून कधी गेलं नाही. मी किती वेळा समजावलं असेल. पुस्तक दाखवलं, चित्रं दाखवली. ती चित्रं बघून तौबा तौबा करायची आणि विषय बदलायची. अब्बा गेले. मग अम्मीचं अंग एका बाजूनं गेलं आणि ती खाटेला खिळली. तिचं हागणं-मुतणं, न्हाऊ-माखू, तोंडात घास, सगळं भाभी करायची. कुरकुर नाही, तोंड वाकडं नाही.

सुट्टीत मी माहेरी गेले होते. दुपारची वेळ, भाभी मागं भांडी घासत होती. अम्मीनं चांगल्या हातानं माझं मनगट धरलं आणि हळू म्हणाली, "नसरीन, तू ते सारं शिकली. मले एक सांग. त्या दिवशी सलीम खोटं बोलला होता ना?"

हो म्हणून टाकावं असं एक क्षण मनात आलं. किती दिवसांची बाई ती, कशाला छळायचं? पण मागं भांड्यांचा आवाज येत होता. मी म्हटलं, "नाई अम्मी. खरं बोलला होता."

तिनं माझं मनगट सोडलं. मग म्हणाली, "त मंग तिनं मले कधी काहून नाई म्हटलं? इतके वर्ष माह्यं सारं करून राह्यली, एक सबद नाई बोलली."

"तू मानलं असतं?"

"नाई," अम्मी म्हणाली. "आताबी मन मानून नाई राह्यलं. पण तिले बोलाव."

मी हाक मारली. भाभी ओले हात ओढणीला पुसत आली आणि खाटेशी उभी राहिली, काहीतरी सांडलं असेल म्हणून चादर चाचपायला लागली. अम्मीनं तिचा हात चादरीवरून बाजूला केला आणि विचारलं, "तू जेवली का व?" अम्मीनं तिला हे त्या घरात पहिल्यांदाच विचारलं होतं, आणि भाभी जेवलेली नव्हती.